दोन माणसांची गाडी

१९७८ सालच्या त्या शनिवारी सकाळी डॉक्टर एका लाल स्पोर्ट्स कारमध्ये ऐटीत बसले होते आणि त्यांची सून बाहेर उभी राहून दाराची कडी शोधत होती.

"बाहेरून कडी नाहीच, ताई," गॅरेजवाला अभिमानानं म्हणाला. "आत हात घालायचा आणि दोरी ओढायची. हे पहिलं मॉडेल. जाणकार माणूस त्या दोरीवर जीव टाकतो."

शेजारी निळी उभी होती. तीच गाडी, पण काही वर्षांनंतरची. तिला कड्या होत्या, वरखाली होणाऱ्या काचा होत्या, हीटर होता. पुढचा बंपर मात्र जाडजूड रबराचा, गाडीनं गाल फुगवल्यासारखा. गॅरेजवाला तिच्याकडे बघतच नव्हता.

डॉक्टर दातांचे. निम्म्या गावाचे दात उपटून ते नुकतेच निवृत्त झाले होते. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली; सून घरात आली ती त्यानंतर. अलीकडे ते शीळ घालायला लागले होते, मिशी कोरायला लागले होते, आणि आता हे स्पोर्ट्स कारचं खूळ. त्यांचा मुलगा विमा कंपनीत होता. जगात काय काय मोडू शकतं हे त्याला तोंडपाठ होतं.

"एकटेपणानं माणूस असा भरकटतो," तो बायकोला म्हणाला होता. "तू जा. तुझं ऐकतील ते. बाबांना घेऊन ये, गाडीला नको."

मुलाच्या घरातली मागची खोली त्यांच्यासाठी रंगवून तयार होती. त्यांनी तिथं येऊन राहावं, एवढंच दोघांना हवं होतं. निघण्यापूर्वी सुनेनं, वडील गेल्यापासून एकटीच राहणाऱ्या आपल्या आईलाही फोन करून पाहिला. व्याह्यांना आईनं दोन शब्द सांगितले असते तर बरं झालं असतं. एरवी आईच्या हातात फोन आला की सुटत नसे. त्या दिवशी मात्र ती, "घेऊ देत की! तुमच्या का पोटात दुखतंय?" एवढंच बोलली आणि केस धुवायचेत म्हणून फोन ठेवून मोकळी झाली.

"बस," डॉक्टर म्हणाले.

सून लाल गाडीत बसली कसली, पडलीच. गुडघे हनुवटीपाशी आले.

"आता उठ. पण गुडघा दुखतोय असं समजून उठ."

"माझा गुडघा ठणठणीत आहे, बाबा. तुमचाही आहे. जिना दोन-दोन पायऱ्या चढता तुम्ही."

"अगं, समज म्हटलं ना! कण्हायला काय पैसे पडतात?"

ती कण्हत उठली, दाराला लटकली आणि शेवटी गॅरेजवाल्यानं तिला हात देऊन बाहेर काढलं. डॉक्टरांनी मान हलवली. निळीतून मात्र ती सहज उतरली.

मग चकरा मारायचं ठरलं. आधी लाल. गावाबाहेर रस्ता मोकळा लागला तसं डॉक्टरांनी पायाशी ठेवलेला थर्मास तिच्याकडे दिला.

"चहा ओत."

"तुम्ही तर कॉफी पिता!"

"ओत तर खरं."

निम्मा चहा तिच्या मांडीवर सांडला. डॉक्टर ओरडले, "आता बोल काहीतरी!"

हीच संधी होती. सुनेनं श्वास घेतला आणि नवऱ्यानं पढवलेलं सगळं घडाघडा म्हणून टाकलं. वय, वळणं, ब्रेक, रात्रीची वाहतूक. बोलता बोलता घसा दुखायला लागला.

"काय?" डॉक्टर म्हणाले. "वाऱ्यात एक अक्षर कळलं नाही!"

मग निळी. काचा वर, हीटर चालू. चहा कपातच राहिला. सुनेनं पुन्हा सुरुवात केली, पण या वेळी पाठ केलेलं आठवेना.

"बाबा, आम्हाला भीती वाटते हो. फोन वाजला की हे दचकतात. तुम्हाला कुठं काही झालं, तर आम्ही कुणाकडे बघायचं? खोली तयार आहे. पडदे मी स्वतः शिवलेत."

डॉक्टरांनी गाडी हळू केली.

"शब्द न् शब्द ऐकू आला," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय! हीच घ्यायची."

हसावं की रडावं, सुनेला कळेना.

गॅरेजवाला तर हळहळलाच. "डॉक्टरसाहेब, हिच्याकडे कोणी वळूनही बघणार नाही!"

"बघायचंय कुणाला? शेजारचं माणूस काय बोलतंय ते ऐकू आलं म्हणजे झालं."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण इतकी वर्षं या माणसाशी धड गप्पासुद्धा मारल्या नाहीत! परतताना ती म्हणाली, "बाबा, दर रविवारी मी येईन तुमच्यासोबत. शेजारी बसेन."

डॉक्टरांना एकदम खोकला आला. "रविवार ना... बघू."

पुढे ती लाल गाडी एका कॉलेजातल्या प्राध्यापकानं घेतली आणि हिवाळ्यात सर्दीनं बेजार होऊन विकून टाकली. गॅरेजवाला म्हातारपणी स्वतः निळीसारखीच हीटरवाली गाडी चालवायला लागला, पण मान्य कधी केलं नाही. मुलानं वडिलांच्या गाडीचा विमा स्वतःच्या हातानं उतरवला आणि हळूहळू फोन वाजला की दचकायचा थांबला. डॉक्टर मागच्या खोलीत कधीच राहायला आले नाहीत. त्यांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. आणि सून? नव्या शेजारणींनी सासू कशी आहे विचारलं की ती हसून सांगे, "प्रेमळ आहे हो, पण मला जन्मही तिनंच दिलाय ना, त्यामुळे रुसून माहेरी जायची सोय राहिली नाही."