कललेली गाडी

मिस्त्रीने गाडी दोन विटांवर तोलून ठेवली आणि स्वतः अंगणात कुशीवर आडवा झाला. ती दारातच उभी राहिली, खांद्यावर पिशवी तशीच. शिवणाच्या दुकानातून तासाभराची सुट्टी काढून आली होती आणि एवढ्या वेळात हे एकदाचं निस्तरायचं होतं. संध्याकाळी गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं.

गिऱ्हाईक मिस्त्रीनेच गाठून दिलं होतं. जुन्या गाड्यांचं वेड असलेला माणूस. चाळीस वर्षांची ही मोटरसायकल पाहून हरखून गेला होता. त्याची तक्रार एकच. साइड स्टँडवर ही फार कलते, बघताना जीव धास्तावतो, तेवढं सरळ करून द्या. तिने लगेच मान डोलावली. महिन्याभरात गाडी जरा जास्तच झुकायला लागली आहे हे तिच्याही लक्षात आलं होतं. म्हातारी झाली बिचारी, असं म्हणून तिने सोडून दिलं होतं. घरात आधीच एक झुकलेला माणूस होता, त्यात गाडीची कुठे काळजी करत बसायची.

दीड वर्षापूर्वी नवरा जिन्यावरून घसरला आणि त्याचं उजव्या खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चाला. सुरुवातीला तो चाललाही. तो एक पाऊल टाकायचा आणि ती दहा जणांना फोन करून सांगायची. मग एकदा तो खोलीच्या मधोमध कोसळला, आणि त्याच्याऐवजी तीच दोन दिवस रडत राहिली. त्यानंतर तो खुर्चीत बसला तो बसलाच. चालण्याचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. आता तीच त्याला अंघोळ घालायची, मोजे चढवायची आणि नखंही कापायची. नखांत काळं साचलेलं दिसलं की करवादायची, की दिवसभर पेपर चाळायचा आणि शाई माझ्या नशिबी. तो मुकाट्याने दुसरा हात पुढे करायचा.

तिचा अगदी पिट्ट्या पडला होता. गाडी विकूया का, असं तिने विचारलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला होता, तुला वाटेल ते कर. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"वहिनी, जरा इकडे या," मिस्त्री खालून म्हणाला.

ती वाकली. स्टँड पुढे जाऊन जिथे अडतो, तिथे लोखंडाचा बोटाएवढा ठोकळा होता. मिस्त्रीने त्यावरून अंगठा फिरवला. हा ठोकळा कमी झाला की स्टँड जास्त पुढे जातो आणि गाडी जास्त कलते, असं त्याने समजावून सांगितलं. मग तो उठून बसला.

"पण हा झिजलेला नाही. झिजलेलं लोखंड गोल होतं, गुळगुळीत होतं. हे बघा, सपाट आहे, चकाकतंय. कोणीतरी कानशीने घासलंय. एका दिवसात नाही, थोडं थोडं करून. आणि हात पक्क्या फिटरचा आहे."

असं कोणी कशाला करेल, तिने विचारलं. मिस्त्रीने खांदे उडवले. त्याच्याकडे एक म्हातारे गृहस्थ यायचे, त्यांनी मुद्दाम असं करून घेतलं होतं म्हणे. त्यांचा पाय वर उचलत नव्हता. गाडी आपल्याकडे झुकलेली असली की सीट खाली येतं आणि पाय पलीकडे टाकता येतो.

तिचा नवरा एकतीस वर्षं कारखान्यात फिटर होता.

ती आत गेली. तो खुर्चीत होता, मांडीवर पेपर. तिने त्याचा उजवा हात उचलला आणि नखं पाहिली. काळं होतंच. तिने तो हात नाकाशी नेला. लोखंडाचा वास. आधी तिला संताप आला, असा की दिवसातून चार वेळा याचे मोजे चढवणारी मी कोण मूर्ख, असं ओरडावंसं वाटलं. ओरडायचं त्राण मात्र उरलं नव्हतं. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"अडीच महिने झाले. तू दुकानात गेलीस की." तो पेपरकडेच बघत होता. "आधी दारापर्यंत. मग अंगणात. गाडीवर बसता येतं आता. नुसता बसतो. किक मारणं काही जमायचं नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

त्याने पेपरची घडी घातली. "पुन्हा पडलो असतो तर? माझं हाड जुळलं गं. तुझं ते रडणं मला दुसऱ्यांदा सोसलं नसतं."

विकायला हो का म्हणालात, हे तिने विचारलं नाही. अडवायला गेला असता तर सगळं सांगावं लागलं असतं, हे तिला कळलं.  मग तिने त्याचा हात, काळ्या नखांसकट, दोन्ही हातांत धरला.

अंगणातून मिस्त्रीने हाक मारली. ठोकळ्यावर लोखंड चढवून गाडी सरळ करायची का, असं त्याने विचारलं; त्यासाठी वेल्डिंगचं सामान आणावं लागणार होतं. आणि लवकर सांगा म्हणाला, गिऱ्हाइकाला पाचची वेळ दिली आहे.

ती दारात आली. डोळे पुसायचेही तिने कष्ट घेतले नाहीत.

"राहू द्या, मिस्त्री," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला कळवा, गाडी वापरात आहे."