अक्षराचं माप

“तेरा. आणि वर कुलूप घाला,” तो म्हणाला आणि त्याने फळ्यावरचे बाकीचे आकडे पुसून टाकले.

त्याची कंपनी मोबाइल ॲप बनवणाऱ्यांना तयार सामान पुरवायची. बटणं, रकाने, मजकुराच्या चौकटी. एकदा रचलं की दोन्ही जातींच्या फोनवर चालायचं. आज एवढंच ठरवायचं होतं, की ॲपवाल्याने वेगळं काही सांगितलं नाही तर अक्षर केवढं दिसावं. एका फोनची रीत सतराची, दुसऱ्याची सोळाची. पण सतरा घेतलं की बटणातला मजकूर बाहेर सांडायचा. तेराला सगळं कसं घोटीव दिसत होतं. आणि ॲपवाले कशाला वेगळं सांगतायत? आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारी माणसं.

“तेराने लोकांचे तीनतेरा वाजतील, सर,” चाचणी विभागातल्या बाई म्हणाल्या. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. “निदान कुलूप तरी नको. कुणी आपल्या फोनमध्ये अक्षर मोठं करून ठेवलं असेल, तर आपलंही वाढू दे.”

“वाढलं की मांडणी मोडते. त्याने चष्मा बदलावा.”

विषय संपला. त्याच्या घरातले सगळे ज्या ॲपवर एकमेकांना मेसेज करत, त्या ॲपने हे सामान सगळ्यांत आधी उचललं. त्याला त्याचा कोण अभिमान!

त्याच ॲपवर दोन महिन्यांनी त्याने ताईला लिहिलं.

ताई चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. चुकलेली वेलांटी तिच्या नजरेतून सुटली, असं कधी झालं नाही. भावोजी गेले तेव्हा मात्र तो तिसऱ्या दिवशी पोचला. काम होतं. ती एवढंच म्हणाली, “झालं का काम?” त्यानंतर फोनवर दोघांनाही शब्द सुचेनात. म्हणून त्याने पडदाभर लिहिलं. चुकलो. माफ कर. मागची खोली तुझ्यासाठी रंगवून ठेवलीय. आता एकटी राहू नकोस. न्यायला कधी येऊ, तेवढं कळव.

उत्तर आलं, “बरं.”

तो वाट बघत राहिला. दिवस काही कळवला गेला नाही. एवढ्या माफीला दोन अक्षरं! त्याच्या मनाला ते लागलं आणि तोही हटून बसला. वर्षभराने कानावर आलं, की ताईने घर विकलं आणि ती वृद्धाश्रमात राहायला गेली. हेच तिचं उत्तर, असं त्याने धरून टाकलं.

असा तीन वर्षं अबोला. शेवटी बायको म्हणाली, “एका आईची लेकरं तुम्ही. आधी कुणी वाकायचं, हेच धरून बसणार का?” तेव्हा तो निघाला.

ताई व्हरांड्यात बसली होती. हातात फोन. त्यावर बातमीचे जेमतेम चार शब्द मावत होते, एवढं मोठं अक्षर. त्याला बघून तिने शेजारची खुर्ची पुढे ओढली.

“वाळलास रे.” तो बसल्यावर ती म्हणाली, “तू एकदा ‘ये’ म्हणाला असतास ना, तर मी इथे आलेच नसते.”

“म्हणालो नाही? ताई, एवढं लिहिलं होतं की!”

तिच्या हातून फोन घेऊन त्याने तो मेसेज काढला. बारीक, दाट ओळी. नकळत त्याने दोन बोटांनी त्या ताणायला घेतल्या आणि मध्येच थांबला.

“ते नाही वाढत,” ताई म्हणाली. “इथल्या नर्सने बाकी सगळं मोठं करून दिलंय. हे एकच मेलं हटवादी.”

कुलूप कुणी घातलं, ते सांगायला त्याची जीभ रेटेना. त्याने मेसेज वाचायला घेतला, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून. मागच्या खोलीची ओळ त्याने भरभर वाचून टाकली. त्या खोलीत आता त्याची मुलगी राहत होती.

ताईने सगळं ऐकलं. पदराने डोळे टिपले.

“मग ‘बरं’ का लिहिलंस?” त्याने विचारलं.

“जन्मभर लोकांच्या चुका काढल्या मी. आता अक्षरच दिसत नाही, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?” तिने त्याच्या हातावर हात ठेवला. “मला वाटलं, कामामुळे यायला जमणार नाही, असंच लिहिलं असशील. म्हणून म्हटलं, बरं.”