एनॉसचा हात

हॅडलीनं तिसऱ्यांदा विचारलं आणि एनॉसनं तिसऱ्यांदा उत्तर दिलं नाही.

सभेच्या खोलीत सगळी शाळा बसली होती. मुलं, मास्तर, स्वयंपाकघरातल्या बाया, गोठ्यावरची माणसं. मध्ये शेगडी पेटलेली होती आणि बाहेर फाटकाशी शाळेची जमीन विकत घ्यायला आलेल्या कंपनीची काळी गाडी उभी होती. गाडीतल्या वकिलाला दुपारी बारापर्यंत होकार हवा होता. नाही मिळाला तर कंपनी पलीकडच्या खोऱ्यातली जमीन घेणार होती. तिथला मालक केव्हाचा पेन उघडून बसला होता. मिळाला, तर जूनमध्ये शाळेला कायमचं कुलूप.

मुलं कमी होत चाललीत, छप्पर गळतंय, विकून मोकळं व्हावं, असं हॅडलीनं शांतपणे मांडलं होतं. तो मुख्याध्यापक, आणि सभाही तोच चालवायचा. नाक ओढत, डोळे पुसत का होईना, एकेक जण राजी झाला होता.

क्वेकर म्हणजे मूकपणे प्रार्थनेला बसणारा ख्रिस्ती पंथ; त्यांच्या या शाळेत हात वर करून मतं मोजत नसत. सगळ्यांचं मन एक झालं, की सर्वांत वडील माणूस शेजाऱ्याशी हात मिळवायचा. मग ठराव पक्का आणि सभा संपली. तोवर कुणी जागचं उठायचं नाही, आणि गप्प बसलेल्याला हलवायचं तर मुळीच नाही. सर्वांत वडील होता एनॉस. त्याच्या शेजारी बसली होती सोळा वर्षांची टॅबिथा.

सकाळी धार काढताना एनॉस तिला म्हणाला होता, “मी हात पुढे करणार नाही. बारा वाजेपर्यंत बसतो की नाही बघ.” मग सभेकडे येताना चढणीवर तो दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा गाडीच्या दिशेनं थुंकला.

टॅबिथाला आधीच्या दोन शाळांनी हाकललं होतं, उलट उत्तरं देते म्हणून. इथे ती सोयच नव्हती. लहानथोर सगळे एकमेकांना नावानं हाक मारत, अरे-तुरे करत. त्यात उलट काय आणि सुलट काय. भूमिती तिला एनॉसनं गोठ्याच्या छपराला वासे बसवताना शिकवली होती. शांत बसणं मात्र तिला जमता जमेना. पहिल्या वर्षी पाच मिनिटांत तिची चुळबुळ सुरू व्हायची.

“तोंड काय, कुणीही चालवतं,” एनॉस म्हणायचा. “गप्प बसून अडवायला शीक.”

ही शाळा गेली तर तिला जायला दुसरं घर नव्हतं.

आज सभा सुरू झाल्यापासून ती हलली नव्हती. एनॉसनं बसल्या बसल्या एक लांब सुस्कारा सोडला होता आणि खांदा तिच्या खांद्याला टेकवला होता. त्याच्या टोपीची कड डोळ्यांवर आली होती. तिनं घोंगडी दोघांच्या मांडीवर ओढून घेतली आणि आत त्याचा हात धरून ठेवला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. समोरच्या बाकावरच्या मास्तरीण लॉइसनं वळून रुमाल पुढे केला, तर टॅबिथानं नुसती मान हलवली. शाळा जाणार म्हणून रडतेय बिचारी, असं लॉइसला वाटलं.

एनॉसच्या अशा बसण्याचं कुणाला नवल नव्हतं. शाळेत पियानो आणायचं निघालं होतं, तेव्हाही तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत असाच बसला होता. पियानो अजून आलेला नाही.

“झोपला असेल,” मागून कुणीतरी पुटपुटलं.

“एनॉस झोपला तर घोरतो,” लॉइस म्हणाली. खोलीत थोडं हसू पसरलं.

हॅडली हसला नाही. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. “टॅबिथा, तू जवळ आहेस. झोपलाय का तो?”

“नाही.”

या शाळेत कुणी शपथ घेत नसे, कारण साधं बोलणंही खरंच बोलायचं अशी रीत होती. हॅडलीनं पुन्हा विचारलं नाही.

“तुला काही म्हणाला का?”

“सकाळी म्हणाला. मी हात पुढे करणार नाही.”

“मन बदलेल, असं वाटतं तुला?”

“आता नाही बदलणार.”

तिनं नजर खाली केली नाही. हॅडलीचा संयम सुटत चालला होता. एवढ्या माणसांना एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी टांगून ठेवायचं का, असं तो म्हणाला. “आणि पुढच्या हिवाळ्यात शेगडीत काय जाळायचं? ही बाकं?”

“जाळू,” टॅबिथा म्हणाली. “सभा उभ्यानं घेऊ.”

शेगडीतलं लाकूड तडतडत राहिलं. बऱ्याच वेळानं लॉइसनं रुमालाची घडी केली आणि म्हणाली, “मीही राजी नाही. मघाशी हो म्हटलं ते घाबरून.” स्वयंपाकघरातल्या एका बाईनं मान डोलावली. तीही नाही म्हणाली. गोठ्यावरचा एक जण म्हणाला, छप्पर मी शाकारतो, मला फक्त चढायला माणसं द्या. पोरं एकेक करून एनॉसकडे बघत होती आणि ताठ होऊन बसत होती.

जेवणघराची घंटा झाली. बारा वाजले. बाहेर गाडी सुरू झाली, फाटकापाशी क्षणभर घुटमळली आणि उतारावरून निघून गेली.

हॅडलीनं डोळे मिटून श्वास सोडला. मग रीत मोडून तो उठला आणि एनॉसच्या समोर येऊन गुडघ्यांवर बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग राहिला नव्हता.

“जिंकलास,” तो म्हणाला. “आता तरी हात दे, सभा संपवू. पोरांना भूक लागलीय.” आणि त्यानं आपला हात पुढे केला.

टॅबिथानं घोंगडीतून स्वतःचा हात काढला आणि त्याच्या हातात दिला.

“माझाच घे, हॅडली,” ती म्हणाली. “त्याचा तर सभा सुरू झाली तेव्हाच गार पडला.”