राखून ठेवलेला आवाज

फेटे बांधणारा माणूस व्यासपीठावर चढला तेव्हा रूथबाईंनी कपाळाला हात लावला. शिरोली एमआयडीसीतल्या त्या हॉलमध्ये सभा सुरू होऊन तास होत आला होता आणि वक्त्याच्या तोंडून अजून एक शब्द बाहेर पडला नव्हता. वक्ता म्हणजे त्यांचा नवरा, कॉलेजात जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेले शांतवन सर. मागच्या कापडी फलकावर व्याख्यानमाला १९९७ असं लिहिलं होतं, आणि खाली विषय: 'जगण्यात मोलाचं काय?' ग्रीक तत्त्वज्ञ काय म्हणाले, ख्रिस्ती संत काय म्हणाले आणि या वयाला येऊन सरांना स्वतःला काय वाटतं, असं सगळं त्यात यायचं होतं.

सोमवारी मिरजेला सरांच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठ निघणार होती आणि तिच्याबरोबर आवाजही जाणार होता, कायमचा. डॉक्टरांनी ते स्वच्छ सांगितलं होतं. मग निदान एक शेवटचं भाषण नीट व्हावं, म्हणून सरांनी आठवडाभर घरात मौन धरलं होतं. दार लाव म्हणायचं तरी खूण, पेपर दे म्हणायचं तरी खूण. रूथबाईंनी तेही निभावून नेलं होतं. पण जगासाठी आवाज आणि बायकोच्या वाट्याला नुसती बोटं, हे त्यांना आतून लागलं होतं.

फेटेवाल्याने आधी प्रमुख पाहुण्यांना फेटा बांधला. बाळासो नावाचे हे पुढारी उशिराच आले होते. मग अध्यक्ष झाले, मागचे अध्यक्ष झाले, मंडपवाला झाला, माईकवाला झाला. कोल्हापूरच्या माणसाला मान द्यायचा म्हटलं की हात आखडता येत नाही. मानापायी ज्याला बोलावलं तोच राहून गेला, तरी बेहत्तर! सरांच्या डोक्यावर फेटा बसला तो पार भुवयांपर्यंत. आधीच आजाराने वाळलेला चेहरा त्याखाली एवढासा झाला. रूथबाईंना त्यांची कीवही आली आणि रागही आला.

बाळासो माईकपुढे आले.

"मी काय बोलणार न्हाय," ते म्हणाले. "आज आपल्याला सरांस्नी ऐकायचं हाय."

आणि ते पाऊण तास बोलले. ऊस झाला, रस्ते झाले, कुस्ती झाली, आईचे संस्कार झाले. शेवटी, सर म्हणजे थोर माणूस, तुम्ही निवांत ऐका, मला एका बारशाला जायचंय, असं सांगून ते निघाले. त्यांना गाडीपर्यंत पोचवायला पुढच्या रांगा उठून गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

राहिले ते दुसऱ्या पाळीचे कामगार. तेवढ्यात त्यांना कामावर नेणारी गाडी बाहेर हॉर्न वाजवू लागली. सोमशेखर लगबगीने व्यासपीठापाशी आला. या कामगारांच्या फौंड्रीचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचा मालक, सरांचा जुना विद्यार्थी, हा कार्यक्रम त्यानेच घडवून आणला होता.

"सर, पाळीची वेळ झाली. जरा दोन मिण्टांत सार सांगा की."

"दोन मिण्टांत व्हय?" रूथबाई खालूनच कडाडल्या. "ह्या माणसानं आठवडाभर तोंड शिवून घेतलंय ह्याच्यासाठी!"

"काकू, माझं पण ऐका. एकाचा फेटा ऱ्हायला आस्ता, तर लोकांनी मला फाडून खाल्लं आस्तं."

सर उठले. माईकपुढे उभे राहिले. अर्धा हॉल रिकामा होता आणि उरलेला अर्धा दाराकडे बघत होता. सरांनी माईक जरा बाजूला सारला. मग त्यांनी दोन्ही हात जोडले, सगळ्यांना नमस्कार केला आणि खाली बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "विद्वान माणूस, पण गर्व म्हणून न्हाय."

कसबा बावड्यापर्यंत रिक्षात रूथबाईच बोलत होत्या. सोमशेखरला बोलल्या, बाळासोंना बोलल्या, फेटा या वस्तूचा ज्याने शोध लावला त्याचाही उद्धार केला. सर सत्काराची शाल मांडीवर घेऊन बाहेर बघत बसले होते.

घरी आल्यावर रूथबाईंनी सरांच्या डोक्यावरचा फेटा सोडला. कपाळावर लाल वळ उठला होता. तो बघून त्यांना रडू यायला लागलं, आणि रडू यायला लागलं म्हणून आणखी राग आला.

"सगळं मुसळ केरात," त्या म्हणाल्या. "दोन मिण्टं तर दोन मिण्टं, बोलायचं हुतं की! आता कुणासाठी राखून ठेवलाय आवाज?"

सर मग खाकरले, खुर्चीत ताठ बसले. आता ग्रीक येणार, त्यांच्यामागून संत येणार, असं रूथबाईंना वाटलं. येऊ देत, त्यांनी ठरवलं. सगळे येऊ देत. पदराने डोळे पुसून त्या समोर उभ्या राहिल्या.

"रूथ," सर म्हणाले, "चहा टाक. आलं घाल थोडं."

घोगरा, पण चांगला खणखणीत आवाज होता. खिडक्या उघड्या होत्या. शेजारच्या शालूबाईंनीसुद्धा तो ऐकला असेल.

रूथबाई जागच्या हलल्या नाहीत.

"ऐकू आलं न्हाय," त्या म्हणाल्या. "परत सांगा."