कणकेवरची बोटं

कणकेचा गोळा टेबलाच्या मधोमध ठेवला होता आणि तिघंजण त्याच्याभोवती डोळे मिटून बसले होते. त्यातली एक रुही होती. दारात उभ्या असलेल्या तिच्या आईची, पद्मिनीची, बॅग हातातच राहिली.

दार उघडणाऱ्या मुलानं, शिवनं, ओठांवर बोट ठेवलं. "काकू, टू मिनिट्स. प्रार्थना चाललीये."

प्रार्थना! म्हणजे शेजारच्या मीनाक्षीला वाटत होतं ते खरंच होतं तर. पद्मिनी टेक्सासमधल्या प्लेनोहून न कळवता रुही राहायची त्या ॲन आर्बरला आली होती ती याचसाठी. गेले काही महिने शनिवारी दुपारी लेकीचा फोन बंद असायचा. विचारलं की, "आई, आमचा ग्रुप जमतो," एवढंच उत्तर. एकदा मागून कुणीतरी म्हणताना ऐकू आलं होतं, "मदर सेज सो." कोण ही मदर? मीनाक्षीनं लगेच ओळखीतल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. कुठल्याशा माताजींच्या नादी लागला, नोकरी सोडली, आईबापांना ओळख देईना. तेव्हापासून पद्मिनीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. नवऱ्याच्या, राजीवच्या मागे तिनं या एका पोरीला वाढवलं होतं, ते काही कुणा बुवाबाईच्या पदरात टाकायला नाही.

मुलांनी डोळे उघडले. एकेकानं पुढे होऊन कणकेवर चार बोटं दाबली. रुहीनं सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जोरात.

पद्मिनीला ते ओळखीचं वाटलं आणि म्हणूनच ती जास्त घाबरली. उरलेल्या कणकेवर बोटं उमटवायची आणि मगच झाकण ठेवायचं, ही तिच्या स्वतःच्या ओट्यावरची रीत. तिच्या आईची, आजीची. म्हणजे ही मदर मराठी असणार. चांगलीच पोचलेली बाई दिसत होती. घरातलीच गोष्ट दाखवून पोरीला गळाला लावलं होतं तिनं.

"रुही, बॅग भर. आपण घरी जातोय."

रुही ताडकन उठली. "आई? तू इथे कशी? व्हॉट हॅपन्ड?"

"काय झालंय ते तू सांग. कोण आहे ही तुमची मदर? मला भेटायचंय तिला."

टेबलाशी बसलेल्या इशितानं हसू दाबलं. पद्मिनीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"काकू, इट्स अ गेम," शिव घाईघाईनं म्हणाला. "रुहीनं एक अख्खं जग इन्व्हेंट केलंय. राजे, समुद्र, सगळं. आम्ही त्यातले लोक होऊन खेळतो. हा त्या लोकांचा रिलिजन आहे."

"आणि नंतर आम्ही त्याच्या पोळ्या करतो," टेबलाशी बसलेला तिसरा, अक्षत, म्हणाला. "दे आर टेरिबल."

पद्मिनीला हसू आलं नाही. सुरुवातीला सगळे असंच सांगतात. गेम म्हणे! हात जोडून खेळतात का गेम? बर्फानं ओला झालेला कोट न काढताच ती खुर्ची ओढून बसली. "काय शिकवतो तुमचा हा धर्म? मलाही कळू दे."

उत्तर शिवनंच दिलं, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं. त्या जगात मृत्यू आंधळा आहे. तो घराघरात शिरून हातानं चाचपतो. गोल, गुळगुळीत गोळा हाताला लागला की समजतो, हे घर आपलं. गोळ्यावर बोटांच्या खुणा लागल्या की समजतो, इथं अजून जिवंत माणसं राहतात. मग तो पुढच्या दारी जातो. ही युक्ती पहिल्यांदा एका आईनं केली. तीच मदर. तिच्यापासून धर्म सुरू झाला.

पद्मिनी खुर्चीतून अर्धवट उठली. पिंड गोल असतो, कोरा असतो, म्हणून घरच्या कणकेवर बोटं उमटवायची. खरं कारण हेच होतं. पण तिनं ते रुहीला कधीच सांगितलं नव्हतं. लहानपणी पोर सारखी विचारायची आणि ती दर वेळी "करायचं असतं" म्हणून तिला गप्प करायची. राजीव गेल्यावर मरणाचा शब्दसुद्धा तिला घरात नको होता.

"हे तुला कुणी सांगितलं?" तिचा आवाज चढला. "त्या बाईचं नाव सांग मला."

"कुणीच नाही, आई." रुही गोळ्याकडे बघत होती. "बाबांच्या वेळी गुरुजींनी केलेले गोळे मी जिन्यावरून बघितले होते. एकदम स्मूथ होते ते. त्या संध्याकाळी तू पोळ्या केल्यास. उरलेल्या कणकेवर बोटं दाबलीस, इतकी जोरात की ती पार भांड्याच्या तळाला टेकली. तू रडत नव्हतीस. नुसती दाबत होतीस."

पद्मिनीचा हात नकळत कोटाच्या खिशात गेला आणि तिथंच मिटला.

"मी सात वर्षांची होते," रुही म्हणाली. "मला वाटलं, तू मला वाचवतेयस."