परत येण्याची हमी

सरांनी आधी संगणकावर बटण दाबलं आणि मग तिला वाचून दाखवायला घेतलं.

"गेलं," ते खुर्चीत मागे रेलत म्हणाले. "कुणाचीही मदत न घेता पाठवलं. आता ऐक."

ती समोरच्या खुर्चीच्या टोकावर बसली होती. तिची लहान मुलगी टेबलाखाली शिरून सरांच्या कचऱ्याच्या टोपलीतले कागदाचे बोळे उलगडत होती. खरं तर तिला आणायचं नव्हतं, पण सकाळपासून ती डिंकासारखी चिकटली होती, आणि घरात कुणी पायात बूट चढवले की बाहेर निघालेत हे तिला बरोब्बर कळायचं.

परदेशातल्या शिष्यवृत्तीसाठीचं हे शिफारसपत्र तसं तिनंच लिहिलं होतं. सरांची पद्धतच ती. तूच लिहून आण, मी आहेच. त्यांच्या हाताखालून परदेशी गेलेल्या प्रत्येकानं आधी आपली पाठ आपणच थोपटून घेतली होती. तिनंही मुलीच्या दुपारच्या झोपेत बसून, सरांच्या आवाजात, स्वतःला हुशार, चिकाटीची आणि काय काय म्हणून घेतलं होतं. लिहिताना कान तापायचे. एकच प्रश्न मात्र तिनं कोरा सोडला. संशोधन संपल्यावर ही उमेदवार मायदेशी, आपल्या कामावर परत येईल असं आपल्याला का वाटतं? निदान एवढं तरी सरांनी त्यांच्या मनानं लिहावं, म्हणजे सगळाच खोटेपणा नको, असा तिचा हिशेब.

सरांनी नेमका तोच भाग खुलवला होता. इंग्रजीतलं वाचता वाचता ते थांबले आणि चवीनं मराठीत सांगू लागले.

"'तिची लहान मुलगी या काळात इथेच, आजीआजोबांजवळ राहणार आहे. त्यामुळे ती परत येईल याची मी व्यक्तिशः हमी देतो.' आता घे म्हणावं शंका. आहे कुणाची टाप?"

टेबलाखाली कागद चुरगळल्याचा आवाज आला.

"सर," ती म्हणाली, "तिला मी बरोबर नेणार आहे. अर्जात तसंच लिहिलंय."

अर्जात तिनं दोघींसाठी खोली मागितली होती. विद्यापीठाच्या पाळणाघराची चौकशीसुद्धा करून झाली होती. संशोधनाचा विषयच मुळी तो होता, कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांना सरकारनं कसं सांभाळावं.

सरांनी चष्मा काढला. त्यांना खरंच कोडं पडलं होतं. "अगं, पण सकाळी फिरायला गेलो तेव्हा तुझे सासरे भेटले ना. म्हणाले, सूनबाई खुशाल जाऊ दे, नात आमच्याकडेच राहील. सगळं ठरलंय म्हणाले."

घरात तिला कुणी नाही म्हटलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, आमची काळजी करू नकोस, जा. नवरा म्हणाला होता, अशी संधी पुन्हा येत नाही, जाच. घर असावं तर असं, असं तिनं मैत्रिणींना सांगून झालं होतं. मुलीचा विषय मात्र कुणीच काढला नव्हता. तिला वाटलं, त्यात काढायचं काय, आईबरोबर लेकरू असणारच. त्यांनाही तसंच वाटलं असणार. त्यात विचारायचं काय, लेकरू घरीच असणार.

हे बदलता येईल का, असं तिनं विचारलं. सरांनी पडद्याजवळ नाक नेऊन पाहिलं आणि मान हलवली. एकदा पाठवलं की कुलूप. मग तिकडे पत्र लिहून कळवलं तर, असं ती म्हणाली. सरांनी त्याचाही मनापासून विचार केला. आज हमी द्यायची आणि उद्या म्हणायचं की माझी ऐकण्यात चूक झाली, मग ते लोक दोन्ही पत्रं केराच्या टोपलीत टाकतील आणि अर्जही. शिवाय तिथे त्यांच्या शब्दाला मान होता, पुढेही मुलं पाठवायची होती. रागावून नाही, वर्गात एखादा अवघड मुद्दा उलगडावा तसं ते सांगत होते. सांगता सांगता त्यांचा चेहरा उजळला.

"तुझा अर्ज अजून उघडा आहे ना?"

"संध्याकाळपर्यंत."

"मग झालं तर. एवढंसं तर आहे. तुझ्यातलं तू बदल."

मुलगी टेबलाखालून बाहेर आली. सरांनी खणातून बिस्किटाचा पुडा काढून तिच्यापुढे धरला आणि विचारलं, आई विमानात बसून गेली की टाटा करणार ना? मुलीनं त्यातलं विमान तेवढं ऐकलं. बिस्किट दातात धरून ती दाराशी गेली, फरशीवर बसली, सँडल घातले, डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात, आणि उंबऱ्यावर उभी राहून आईकडे बघू लागली.

सर थांबले होते. ते कशासाठी थांबलेत हे तिला कळत होतं. सुट्टीच्या दिवशी हा माणूस तिच्यासाठी कॉलेजात आला होता, एका बोटानं सगळं टाइप करत बसला होता.

"सरांना थँक्यू म्हण," ती मुलीला म्हणाली.

मुलीनं भरल्या तोंडानं म्हटलं.

"गुणी आहे हो पोर," सर खूश होऊन म्हणाले. "आजीला अजिबात त्रास द्यायची नाही."