दुसरी फेरी

भर शहरातल्या त्या विमानतळावर उतरायचं म्हणजे डोंगराला वळसा, मग गच्च्यांना घासून गेल्यासारखं खाली, आणि पुढ्यात बोटभर धावपट्टी. आज तिची परीक्षा होती. पास झाली, तरच इथली विमानं तिच्या हाती मिळणार होती. शेजारच्या खुर्चीत परीक्षक बसले होते.

"मी गच्चीतून लाल चादर हलवीन," आईने सकाळीच फोनवर सांगितलं होतं.

वळसा झकास जमला. घराची गच्चीही दिसली, पण रिकामी. तेवढ्यात वाऱ्याने विमानाला असा काही खांदा मारला, की धावपट्टी बाजूलाच सरकली. रेटून नेलं असतं तर कदाचित जमलंही असतं. पण पाठीमागे भरलं विमान होतं. मन घट्ट करून तिने ते पुन्हा वर उचललं. 'गेली परीक्षा,' तिला वाटलं.

दुसऱ्या फेरीला गच्चीत लाल चादर फडफडत होती, आणि विमान अलगद टेकलं.

"सर, पहिल्या वेळी..."

"पहिल्या वेळीच पास झालात," परीक्षक पट्टा सोडत म्हणाले. "उतरायची घाई सगळ्यांनाच असते. माघारी फिरायची अक्कल आहे का, तेवढंच बघायचं होतं."

तिने हरखून घरी फोन लावला. "आई, अगं, मी मुद्दाम परत फिरले आणि..."

"कळलं गं मला," आई धापा टाकत म्हणाली. "हे मेले गुडघे, जिन्यातच अडकले होते मी. गुणाची माझी बाय, थांबलीस माझ्यासाठी."